घरच्या संगणकाची तेरीज

तुळजापूरसारख्या गावात घरातला पहिला संगणक आला तो बहुधा २००० ते २०१० या दहा वर्षांत. निमित्त बहुतेक ठिकाणी एकच, मुलांचे शिक्षण. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल स्थापन झाले, पाठोपाठ एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले, सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले. मग कुणी सोयाबीनची पट्टी आल्यावर, कुणी हप्त्याने, कुणी सोलापूरहून सुटे भाग जोडून घेऊन संगणक आणला. त्याच्यासाठी वेगळे टेबल आले. धूळ बसू नये म्हणून झालर लावलेले कापडी आवरण शिवले गेले. पहिल्या दिवशी त्याला हळदकुंकूही लागले. मुले शिकली, पुण्याला गेली, तिथेच रमली. संगणक गावच्या घरात राहिला. पण तो रिकामा राहिला नाही.

हे गाव मुळातच पाहुण्यांचे. नव्या जोडप्याला देवीच्या पायावर घालायला, गोंधळाला, नवस फेडायला महाराष्ट्रभरातले नातलग इथे येतात. नवरात्रात तर घराघरात गाद्या अंथरायला जागा उरत नाही, आणि कोजागरीला सोलापूरहून चालत आलेली मंडळी ओसरीवर पाय चेपत बसलेली असतात. या प्रत्येकाच्या हातात आधी कॅमेरा होता, नंतर मोबाइल आला. कार्ड भरले की ‘तुमच्याकडे टाकून ठेवतो, पुढच्या खेपेला नेतो’ असे म्हणून फोटो इथल्या संगणकात उतरवले जातात. पुढच्या खेपेला नेले जात नाहीत, नवे मात्र टाकले जातात. असे पंधरा-वीस नवरात्र झाले की एके दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळा फुगा उगवतो : डिस्कवरची जागा संपत आली आहे.

आता खरा प्रश्न सुरू होतो. जागा संपली हे कळले, पण ती खाल्ली कुणी?

घरातला जो कोणी धिटाईने ‘माय कॉम्प्युटर’ उघडतो, त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसते. सुट्या फायलींसमोर आकार लिहिलेला असतो. हा फोटो इतका, ते पत्र तितके. पण पिवळ्या फोल्डरांसमोरचा रकाना कोरा. ज्याची माहिती हवी तिथेच पाटी कोरी! विंडोज ९८ घ्या, २००१ सालची एक्सपी घ्या, २००९ ची विंडोज ७ घ्या, तिन्हींचा हा स्वभाव सारखाच. त्यांच्यामागून आलेल्या विंडोजांनीही तो सोडलेला नाही.

हा आळस नव्हे. त्यामागे कारण आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. फोल्डर म्हणजे पिशवी अशी आपली समजूत असते. चित्रही तसेच काढलेले. वास्तविक फोल्डर ही नुसती नावांची यादी आहे. ‘अमुक फाइल माझ्या पदरात, तमुक फोल्डर माझ्या पोटात’ एवढेच तिच्यात लिहिलेले. पोटातल्या फोल्डरात आणखी फोल्डर, त्यांच्या पोटात आणखी. वरच्याचे वजन सांगायचे तर तळापर्यंत उतरून प्रत्येक फाइल मोजत वर यावे लागते. हजारो फायली असल्या तर जुन्या यंत्राला त्यात मिनिटे जातात. प्रत्येक खिडकी उघडताना हे करायचे ठरवले तर संगणक दिवसभर मोजतच बसेल. म्हणून तो मोजत नाही. विचारले तर मोजतो.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले ते १९३० ते १९३४ या काळात. रुमालाच्या बाहेरून आत काय आहे ते कळत नाही. गाठ सोडावी लागते. मात्र त्या काळच्या कारकुनांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून हिशेबात तपशील आणि पोटतपशील लिहून झाले की ते ‘तेरीज’ काढत. तेरीज म्हणजे गोषवारा, कोणत्या बाबीखाली एकूण किती ते एका नजरेत सांगणारा. संगणकाने रुमाल दिले, तेरीज दिली नाही. ती आपण काढायची.

सोपा मार्ग असा. फोल्डरवर माउसची उजवी कळ दाबायची आणि सगळ्यांत खालचे ‘प्रॉपर्टीज’ निवडायचे. छोटी खिडकी उघडते आणि तिच्यात आकडा चढू लागतो, पेट्रोल पंपावरच्या मीटरसारखा. तो थांबेपर्यंत दम धरायचा. बरेच जण घाईने मधलाच आकडा लिहून घेतात. थांबल्यावर तिथे आत फायली किती, फोल्डर किती आणि एकूण आकार किती हे मिळते. एक्सपीत फोल्डरवर माउसचा बाण नुसता टेकवून ठेवला तरी आकाराची चिठ्ठी तरंगते. पण फोल्डर मोठा असला की ती ‘यापेक्षा जास्त’ एवढे मोघम सांगून मोकळी होते. तिच्यावर विसंबू नये.

प्रॉपर्टीजमध्ये आकार दोनदा लिहिलेला असतो, ‘साइज’ आणि ‘साइज ऑन डिस्क’, आणि दोन आकडे जुळत नाहीत. हा पहिला बुचकळा. तुळजापूरकरांना तो चटकन समजेल. नवरात्रात लॉजवर एकटा भाविक आला आणि त्याने खोली घेतली. खाटा तीन, माणूस एक. उरलेल्या दोन खाटा रिकाम्या असल्या तरी त्या दुसऱ्याला देता येत नाहीत, खोली भरलीच. डिस्कचेही असेच. तिच्यावर ठरावीक मापाच्या खोल्या पाडलेल्या असतात आणि फाइल कितीही बारकी असो, तिला एक अख्खी खोली लागते. ‘साइज’ म्हणजे माणसे किती, ‘साइज ऑन डिस्क’ म्हणजे खोल्या किती अडल्या.

जुन्या यंत्रांत या खोल्या मोठ्या असत. विंडोज ९५ च्या सुरुवातीच्या काळात दोन जीबीचा भाग केला तर एक खोली ३२ केबीची होई. दोन ओळींची चिठ्ठी लिहून ठेवली तरी ३२ केबी गेले. अशा दोन हजार चिठ्ठ्या म्हणजे साडेबासष्ट एमबी, प्रत्यक्ष मजकूर जेमतेम चार-दोन एमबी असला तरी. पुढच्या पद्धतीत खोली चार केबीवर आली आणि ही नासाडी कमी झाली.

दुसरा बुचकळा डिस्क विकत घेतानाचा. पावतीवर ४० जीबी, संगणकात दिसते ३७ च्या आसपास. दुकानदाराने फसवले म्हणून भांडणे झालेली आहेत. दुकानदाराचा दोष नसतो. डिस्क बनवणारे हजारच्या पटीने मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीने. कच्चा शेर आणि पक्का शेर आपल्या आजोबांनी सांभाळले, हा त्यांचाच नातू.

तिसरा जरा त्रासदायक. सगळ्या फोल्डरांचे आकडे लिहून बेरीज करावी आणि डिस्कवर भरलेल्या जागेशी ताडून पाहावी, तर बेरीज कमी पडते. चार-सहा जीबी कुठे गेले? ते दडलेले असतात. एक्सपी ही केराच्या टोपलीसाठी डिस्कचा दहावा हिस्सा मुळातच सोडून ठेवते, म्हणजे ४० जीबीत चार जीबीपर्यंत कचरा न बोलता मावतो. शिवाय पूर्वस्थितीवर परत नेण्याची सोय म्हणून ती बारा टक्क्यांपर्यंत जागा वापरू शकते. घरातली वस्तू न काढता जागा हवी असेल तर पहिले काम म्हणजे टोपली रिकामी करणे. कित्येकदा फुगा तेवढ्यानेच जातो. पण टोपलीतही एकदा डोकावून पाहावे. रद्दीवाल्याला वह्या देताना आपण पाने चाळतोच ना?

एकेका फोल्डरची अशी विचारपूस करणे दहा फोल्डरांपुरते ठीक. साठ-सत्तर झाले की हात दुखतो आणि कागदावर उतरवताना चुका होतात. इथे त्या काळ्या खिडकीची आठवण येते, जिच्यात पांढरी अक्षरे टिचकावायची असत. एमएस-सीआयटी केलेल्या बहुतेकांनी ती एकदाच पाहिली आणि पुन्हा वाटेला गेले नाहीत. पण कामाची आहे. डी, आय, आर ही तीन अक्षरे, मग एक मोकळी जागा, तिरपी रेघ आणि एस. एवढी आज्ञा दिली की ज्या फोल्डरात आपण उभे आहोत तिथपासून तळापर्यंतची प्रत्येक फाइल, तारीख आणि आकारासह, पडद्यावरून धावत जाते. प्रत्येक फोल्डर संपला की त्याची बेरीज आणि सर्वांत शेवटी एकूण बेरीज.

यात एक खोच आहे. मधल्या बेरजा त्या त्या फोल्डरातल्या सुट्या फायलींच्याच असतात, पोटातल्या फोल्डरांचे वजन त्यांत धरलेले नसते. म्हणून ‘फोटो’ नावाच्या फोल्डरासमोर शून्य फायली दिसतात आणि घरातले घाबरतात. फोटो गेलेले नसतात. ते आतल्या ‘नवरात्र २००६’, ‘नवरात्र २००७’मध्ये असतात.

ही धावती यादी छापायची कशी? पूर्वी अगदी सोपे होते. त्याच आज्ञेपुढे ‘पेक्षा मोठे’ची खूण, जी आपण शाळेत गणितात शिकलो, ती टाकायची आणि पी, आर, एन ही अक्षरे. शेजारचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरू लागे आणि कडेला भोके असलेला जोडकागद घडी घडीने खाली उतरे. ज्यांच्या घरी पतपेढीचे किंवा दुकानाचे हिशेब होत, त्यांनी तो आवाज ऐकलेला आहे. नंतरचे शाईचे प्रिंटर यूएसबीच्या तारेने जोडले जाऊ लागले आणि ते ही जुनी भाषा ऐकत नाहीत. त्यांच्यासाठी पी, आर, एनच्या जागी एखादे नाव द्यायचे, समजा ‘यादी’, पुढे टिंब देऊन टी-एक्स-टी. यादी पडद्यावर न धावता त्या फाइलीत उतरते. ती नोटपॅडमध्ये उघडून छापायची. टाइप ‘कुरिअर’ ठेवला तर आकडे एकाखाली एक सरळ येतात. विंडोज ९८ च्या नोटपॅडला ६४ केबीहून मोठी फाइल पेलत नाही, तिथे वर्डपॅड वापरावे. एक गंमत सांगायची राहिली. त्या यादीत ‘यादी’ ही फाइलही असते आणि तिच्यासमोर आकार असतो शून्य. यादी करायला बसली तेव्हा तिच्यात काही नव्हते, त्यामुळे नोंद खरीच म्हणायची.

मराठी नावांचे काय, हा आपला खास प्रश्न. जुन्या यंत्रांत बहुतेक नावे रोमनमध्ये दिलेली, तीही ज्याला जशी सुचतील तशी. एकाच नवरात्राची तीन स्पेलिंगे आणि त्यामुळे यादीत तीन ठिकाणी तीन नवरात्रे. पण ज्यांनी एक्सपीत मराठीची सोय चालू करून देवनागरीत नावे दिली, त्यांच्या पदरी काळ्या खिडकीत नुसती चौकटी नाहीतर प्रश्नचिन्हे येतात. तिला देवनागरी दाखवता येत नाही. उपाय आहे : ‘स्टार्ट’मधल्या ‘रन’मध्ये सी, एम, डी लिहून मोकळी जागा, तिरपी रेघ आणि यू द्यायचे. अशी उघडलेली खिडकी पडद्यावर चौकटीच दाखवते, पण फाइलीत उतरवताना युनिकोडमध्ये उतरवते. नोटपॅडमध्ये ‘आजीचे हस्ताक्षर’ हे नाव नीट वाचता येते.

अख्ख्या डिस्कची यादी मात्र मागू नये. विंडोजच्या स्वतःच्याच हजारो फायली असतात. पानावर साठ ओळी धरल्या तर बारा हजार नावांना दोनशे पाने लागतील, आणि शाईच्या किमतीत नवी डिस्क येईल. घरच्या वस्तू जिथे ठेवल्या आहेत तेवढेच फोल्डर घ्यावेत. ज्यांना फायली नकोत, फक्त फोल्डर आणि त्यांचे वजन हवे, म्हणजे खरीखुरी तेरीज, त्यांच्यासाठी फुकट मिळणारे छोटे प्रोग्रॅम आहेत. ‘विंडोज मॅगझिन’मध्ये लिहिणाऱ्या अमेरिकेतल्या कॅरन केनवर्दी यांनी नेमक्या याच कामासाठी ‘डिरेक्टरी प्रिंटर’ केला. जर्मनीतला ‘ट्रीसाइज’ही जुना, फोल्डर वजनाच्या उतरत्या क्रमाने लावून देणारा.

ही अडचण केवळ आपल्या गावची नव्हे, हे सांगायला हवे. युनिक्सच्या अगदी पहिल्या आवृत्तीत, १९७१ साली, डिस्क कुणी किती व्यापली हे सांगणारी दोन अक्षरी आज्ञा होती. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात १९९० साली बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची एक डिस्क चौदा जण मिळून वापरत. ती भरली. कुणाच्या फायली काढायच्या हा वाद. श्नायडरमन यांनी पडद्याचा आयत घेऊन त्याचे लहानमोठे चौकोन पाडले. ज्याचा फोल्डर मोठा त्याचा चौकोन मोठा. त्या युक्तीला ‘ट्रीमॅप’ नाव मिळाले आणि आज अर्थव्यवहाराची आणि शेअरबाजाराची चित्रे त्याच पद्धतीने वर्तमानपत्रांत छापून येतात. एका भरलेल्या डिस्कवरून चौदा जणांत झालेल्या कुरबुरीतून ही कल्पना निघाली! आपल्याकडे घराची वाटणी होताना जमिनीचा नकाशा काढतात, तसेच ते.

पण माझ्या मते घरासाठी चित्रापेक्षा कागद बरा. कारण सरळ आहे. संगणकापुढे घरातले एकच माणूस बसते, कागदाभोवती सगळे बसतात. आजी चष्मा लावून कागद वाचते, माउस हातात धरत नाही. फोनवरून पुण्याच्या मुलाला ओळ वाचून दाखवता येते : ‘अरे, हे न्यू फोल्डर कंसात तीन म्हणजे काय ठेवलंयस?’

असा एक कागद डोळ्यांपुढे आणा. आकडे नमुन्याचे आहेत, पण कोणत्याही घरात थोड्या फरकाने हेच निघतील. सर्वांत वर सिनेमे, ११ जीबी. त्याखाली मोबाइलचे फोटो, ९ जीबी, आणि पुढे पाहावे तर तेच फोटो ‘न्यू फोल्डर’मध्ये पुन्हा, ‘न्यू फोल्डर (२)’मध्ये तिसऱ्यांदा. मग थोरल्याच्या लग्नाची चित्रफीत, डीव्हीडीवरून उतरवलेली, चार जीबीच्या वर. गाणी दोन जीबी. इथपर्यंत पहिले अर्धे पान. मग आकडे झपाट्याने खाली येतात. शेतीचा हिशेब, ६ एमबी. लग्नपत्रिकेचा मजकूर, पुण्याच्या मॉड्युलर कंपनीच्या ‘श्रीलिपी’ टंकात जुळवलेला, २ एमबी. अगदी तळाशी एका ओळीत एक फोल्डर, ३८ केबी. उघडून पाहावे तर आजोबांनी निवृत्तीनंतर दोन बोटांनी टिचकावत लिहिलेल्या घराण्याच्या आठवणी. मूळ गाव कोणते, दुष्काळात कोण कुठे गेले, निजामाच्या राजवटीतून १९४८ साली सुटका झाली तेव्हा गावात काय झाले. आज कुणाला त्यांच्या मोबाइलने काढलेल्या एका फोटोत असा मजकूर शंभर वेळा मावेल.

आकारानुसार लावलेली यादी वरून वाचायची असते, आणि सफाई करणारा वरूनच वाचतो. त्यात वावगे काही नाही. सिनेमे गेले तर पुन्हा मिळतील, तिसरी प्रत गेली तर दोन आहेत. धोका असा की वरची चार नावे काढली, जागा झाली, फुगा गेला, आणि कागद तिथेच मिटला. तळाच्या ओळीपर्यंत कुणी पोचलेच नाही. जे ३८ केबीचे आहे त्याला जागेसाठी कुणी मुद्दाम काढणार नाही. ते जाते ते सगळ्याबरोबर, डिस्क बंद पडते तेव्हा.

आणि ती बंद पडतेच. जुनी डिस्क फिरती असते. आत तबकडी आणि तिच्यावरून सरकणारी सुई. तिने भारनियमनाच्या वर्षांत कितीदा धक्के खाल्ले असतील त्याची गणती नाही. शिवाय त्या संगणकांच्या विंडोजचे आयुष्यही सरलेले आहे. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला. मग कधीतरी यंत्र दुरुस्तीला जाते. दुकानातला मुलगा कामसू असतो, तो विचारतो, ‘फॉर्मॅट मारावं लागेल. डेटा ठेवायचा आहे का? किती आहे?’ घरातले एकमेकांकडे पाहतात. ‘फोटो आहेत बघा,’ असे सांगितले जाते. तो डेस्कटॉप आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ उतरवून घेतो, कारण माणसे तिथेच ठेवतात असा त्याचा अनुभव असतो. आजोबांनी मात्र आपला फोल्डर कुणी दुसऱ्याने छेडू नये म्हणून सी ड्राइव्हवर एका आडबाजूला केलेला असतो. त्या दिवशी हातात यादी असली तर उत्तर देता येते : इतके फोल्डर, इतक्या फायली, इतके जीबी, आणि हा एक इथे आहे.

या जिल्ह्याला, तेव्हाच्या उस्मानाबादला आणि आताच्या धाराशिवला, एकच प्रत असण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक निजले होते तेव्हा, किल्लारीचा भूकंप झाला. शेजारच्या लातूर जिल्ह्यात आणि आपल्याकडे उमरगा, सास्तूर भागात दगडमातीची घरे माणसांवर कोसळली. हजारोंचे जीव गेले. माणसांपुढे कागदांचे मोल ते काय, पण जे वाचले त्यांच्यातल्या कित्येकांपाशी गेलेल्यांचा एक फोटोसुद्धा उरला नाही. भिंतीवरची तसबीर आणि ट्रंकेतले पाकीट, दोन्ही त्याच घरात होती. संगणकातल्या वस्तूची प्रत निघते, मूळ जरासुद्धा न झिजता. ही सोय आपल्या वडीलधाऱ्यांना नव्हती.

तारखांबद्दल एक सावधगिरी. यंत्रातले नाण्याएवढे बटणसेल संपले की संगणकाला दिवस आठवत नाही. बंद करून चालू केला की तो कुठल्यातरी जुन्या वर्षापासून, काही यंत्रे तर १९८० पासून, दिवस मोजू लागतात. अशा काळात बनवलेल्या फायलींवर खोट्या तारखा पडतात. यादीत एखादा डिजिटल फोटो १९८० चा दिसला तर नवल करू नये. सेल स्वस्त असतो, बदलून घ्यावा आणि मगच पुढचे काम करावे. आधीच्या तारखा मात्र त्याने सुधारत नाहीत. त्या कोऱ्या समासात पेन्सिलीने लिहाव्या लागतात, आणि इथे आजीची स्मरणशक्ती यंत्राला भारी पडते. ‘हे नवरात्र कसलं, ही तर शाकंभरी. थंडीचे स्वेटर दिसतायत ना अंगात!’

प्रत काढायला वेळ लागतो हे आधीच धरून चालावे. १९९८-९९ च्या यंत्राला यूएसबीचे पहिल्या पिढीचे तोंड असते. त्यातून सेकंदाला जेमतेम एक एमबी जाते. दहा जीबी उतरवायला तीन तास. रात्री जेवणे झाल्यावर लावून द्यावे आणि वीज जाण्याची शक्यता असेल तर एकेक फोल्डर वेगळा उतरवावा, म्हणजे मध्येच अडले तर कुठे अडले ते कळते. जुना फोल्डर लगेच पुसू नये. आधी दोन्हीकडच्या प्रॉपर्टीज उघडाव्यात आणि छापील कागद शेजारी घ्यावा. ‘साइज ऑन डिस्क’ वेगळे आले तर काळजी नको, नव्या डिस्कवरच्या खोल्यांचे माप वेगळे असते. बघायचे ते फायलींची संख्या आणि ‘साइज’समोरचे कंसातले बाइट्स, अगदी शेवटच्या अंकापर्यंत. ते जुळले की त्या ओळीपुढे बरोबरची खूण करावी, कागदाच्या डोक्यावर तारीख घालावी आणि तो सातबारा, रेशनकार्ड ज्या पिशवीत असते तिच्यात ठेवावा. सगळ्या ओळींपुढे खुणा झाल्या, अगदी तळच्या ३८ केबीपुढेसुद्धा, मग भंगारवाल्याला बोलवायला हरकत नाही.